पंजाबच्या इतिहासातील १३ एप्रिल

पंजाबच्या सार्वजनिक जीवनात १३ एप्रिल या दिवसाला दुहेरी महत्त्व आहे. रब्बीचा गहू कापणीला येतो त्या सुमारास साजरा होणारा वैशाखीचा सण साधारणतः याच दिवशी येतो. अमृतसरच्या जालियनवाला बागेत १९१९ मध्ये झालेल्या हत्याकांडाचा स्मृतिदिनही हाच आहे. एकाच तारखेला सुवर्णमंदिरात सणासाठी भाविकांची रीघ लागलेली असते, तर तेथून काही मिनिटांच्या अंतरावर असलेल्या बागेत हुतात्म्यांना आदरांजली वाहिली जाते.

खालसा पंथाची स्थापना, महाराजा रणजित सिंह यांचा राज्याभिषेक, जालियनवाला बागेतील गोळीबार आणि १९७८ मधील अमृतसर येथील संघर्ष या चारही घटना वैशाखीशी निगडित आहेत. हा निव्वळ योगायोग नव्हे. वैशाखीला पंजाबातील खेड्यापाड्यांतून लोक मोठ्या संख्येने एकत्र येत असत. त्यामुळे धार्मिक घोषणा, राजकीय ठराव आणि सत्तेविरुद्धचा निषेध या सर्वांसाठी हा दिवस निवडला जात असे. याच कारणाने सत्ताधाऱ्यांनाही या दिवसाची धास्ती वाटत असे.

सण आणि तारीख

वैशाखी हा सौर कालगणनेवर आधारलेला सण आहे. सूर्य मेष राशीत प्रवेश करतो त्या दिवशी वैशाख महिन्याचा आरंभ मानला जातो. तमिळनाडूतील पुथांडू, केरळातील विषू, आसामातील बोहाग बिहू आणि बंगालमधील पोयला बैशाख हे सणही याच सुमारास येतात.

ही गणना नक्षत्रांच्या स्थितीवर आधारलेली असल्याने तिचे वर्ष प्रचलित इंग्रजी वर्षापेक्षा किंचित मोठे असते. परिणामी सुमारे साठ वर्षांत वैशाखी एका दिवसाने पुढे सरकते. खालसा पंथाची स्थापना झाली त्या १६९९ च्या वैशाखीला, त्या काळच्या ज्युलियन पंचांगाप्रमाणे मार्चचा अखेरचा आठवडा चालू होता. आजच्या ग्रेगोरियन पंचांगात ती तारीख एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात येते. १८०१ मध्ये वैशाखी १२ एप्रिलला होती, तर १९१९ मध्ये १३ एप्रिलला. अलीकडच्या काळात ती काही वर्षी १३ तर काही वर्षी १४ एप्रिलला येते. म्हणूनच पंजाबच्या इतिहासात १३ एप्रिल म्हणताना पुष्कळदा 'वैशाखीचा दिवस' असाच अर्थ अभिप्रेत असतो.

शीख परंपरेत वैशाखीच्या मेळाव्यांची प्रथा तिसरे गुरू अमरदास यांच्यापासून सुरू झाली असे मानले जाते. सोळाव्या शतकात बियास नदीच्या काठी गोइंदवाल येथे त्यांनी आपल्या अनुयायांना वर्षातून ठरावीक दिवशी एकत्र येण्यास सांगितले. वैशाखी हा त्यांपैकी एक दिवस होता.

१६९९ : खालसा पंथाची स्थापना

नववे गुरू तेगबहादूर यांना मुघल बादशहा औरंगजेबाच्या आज्ञेने १६७५ मध्ये दिल्लीत देहदंड देण्यात आला. त्यांचे पुत्र गोविंदसिंह हे दहावे गुरू होत. १६९९ च्या वैशाखीला त्यांनी शिवालिकच्या पायथ्याशी वसलेल्या आनंदपूर येथे अनुयायांचा मोठा मेळावा बोलावला.

परंपरेनुसार, उपसलेली तलवार हाती घेऊन गुरूंनी धर्मासाठी शीर अर्पण करण्यास कोण तयार आहे, असा प्रश्न जमलेल्या संगतीला केला. एकामागून एक पाच जण पुढे आले. हेच 'पंज प्यारे', म्हणजेच पाच प्रियजन होत. लाहोरचे दयाराम, हस्तिनापूरचे धर्मदास, जगन्नाथपुरीचे हिंमतराय, द्वारकेचे मोहकमचंद आणि बिदरचे साहिबचंद अशी त्यांची नावे आहेत. पंजाब, गंगेचे खोरे, ओडिशा, गुजरात आणि दख्खन अशा पाच प्रदेशांतून आलेले हे पाच जण वेगवेगळ्या जातींचे आणि व्यवसायांचे होते. त्यांत खत्री, जाट, पाणी भरणारा, कापडावर छपाई करणारा आणि न्हावी यांचा समावेश होता.

गुरूंनी या पाच जणांना एकाच पात्रातील अमृत देऊन खालसा पंथाची दीक्षा दिली. त्यानंतर त्यांच्याच हातून स्वतः दीक्षा घेतली. गुरूने शिष्यांसमोर हात जोडून दीक्षा मागावी, ही त्या काळातील असाधारण गोष्ट होती. दीक्षित पुरुषांच्या नावापुढे 'सिंह' आणि स्त्रियांच्या नावापुढे 'कौर' लावण्याची प्रथा याच परंपरेतून रूढ झाली. केश, कंगवा, कडे, कच्छ आणि कृपाण ही पाच चिन्हे खालसाची ओळख बनली. ज्या जागी हा सोहळा झाला तेथे आज तख्त केसगढ साहिब उभे आहे.

या घटनेचे धागेदोरे महाराष्ट्रापर्यंत पोहोचतात. पंज प्याऱ्यांपैकी भाई दयासिंह आणि भाई धर्मसिंह यांच्याकडे गुरूंनी औरंगजेबासाठी 'जफरनामा' हे फारसीतील पद्यमय पत्र सोपवले. बादशहा त्या वेळी अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर येथे होता. पुढे गुरू गोविंदसिंह स्वतः दख्खनेत आले आणि १७०८ मध्ये नांदेड येथे गोदावरीच्या तीरावर त्यांचे निर्वाण झाले. तेथील तख्त सचखंड श्री हजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक आहे.

अठरावे शतक : सरबत खालसा

अठराव्या शतकात मुघल सुभेदारांच्या मोहिमा आणि अहमदशहा अब्दालीच्या स्वाऱ्या यांमुळे शिखांना दीर्घकाळ जंगलांत आणि डोंगराळ भागांत आश्रय घ्यावा लागला. अशा काळात वैशाखी आणि दिवाळी या दोन प्रसंगी विखुरलेले जथे अमृतसरला जमत. या सभेला 'सरबत खालसा' म्हणजे समस्त खालसाची सभा असे म्हणतात. पंथाच्या हिताचे निर्णय या सभेत सामुदायिक रीतीने घेतले जात. त्या निर्णयांना 'गुरमता' अशी संज्ञा होती.

१७४८ च्या वैशाखीला अमृतसर येथे झालेल्या अशाच सभेत अनेक जथ्यांची एकत्रित सेना 'दल खालसा' या नावाने संघटित करण्यात आली आणि तिचे नेतृत्व जस्सासिंह अहलुवालिया यांच्याकडे आले. या सेनेच्या घटक तुकड्या पुढे 'मिसल' म्हणून ओळखल्या गेल्या. पंजाबच्या निरनिराळ्या भागांवर या मिसलींनी आपला अंमल बसवला.

१८०१ : रणजित सिंह यांचा राज्याभिषेक

सुकरचकिया मिसलीचे तरुण सरदार रणजित सिंह यांनी जुलै १७९९ मध्ये लाहोर ताब्यात घेतले. १२ एप्रिल १८०१ रोजी वैशाखीच्या मुहूर्तावर त्यांना 'महाराजा' म्हणून घोषित करण्यात आले. गुरू नानकांच्या वंशातील बाबा साहिबसिंह बेदी यांनी त्यांना तिलक लावला.

नव्या सत्तेला 'सरकार-ए-खालसा' असे संबोधले जाई. नाण्यांवर महाराजांनी स्वतःचे नाव न घालता गुरूंच्या नावाने नाणी पाडली. ती 'नानकशाही' नाणी म्हणून प्रसिद्ध आहेत. वैशाखीचा दिवस निवडण्यामागे ही सत्ता खालसाच्या परंपरेतून आलेली आहे, असे सूचित करण्याचा हेतू स्पष्ट दिसतो. इंग्रजांशी लढताना मदतीच्या शोधात यशवंतराव होळकर १८०५ मध्ये पंजाबात आले, ते याच रणजित सिंह यांच्याकडे. रणजित सिंह यांचे १८३९ मध्ये निधन झाले आणि त्यानंतर दहाच वर्षांत, मार्च १८४९ मध्ये, इंग्रजांनी पंजाब खालसा केला.

१९१९ : पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्यासाठी सर्वाधिक भरती पंजाबातून झाली होती. सक्तीची भरती, युद्धनिधीची वसुली, महागाई आणि इन्फ्लुएन्झाची साथ यांनी प्रांत गांजलेला होता. अशा वेळी, मार्च १९१९ मध्ये, खटल्याविना स्थानबद्धतेचे अधिकार देणारा रौलट कायदा संमत करण्यात आला. महात्मा गांधींनी त्याविरुद्ध सत्याग्रहाची हाक दिली. ३० मार्च आणि ६ एप्रिल रोजी अमृतसरमध्ये शांततापूर्ण हरताळ पाळण्यात आला. ९ एप्रिलच्या रामनवमीच्या मिरवणुकीत हिंदूंबरोबर मुसलमानही मोठ्या संख्येने सहभागी झाले.

प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर मायकेल ओडवायर यांना ही एकजूट धोक्याची वाटली. १० एप्रिल रोजी स्थानिक नेते डॉ. सत्यपाल आणि डॉ. सैफुद्दीन किचलू यांना अटक करून धर्मशाळा येथे हलवण्यात आले. गांधीजींनाही पंजाबात येण्यापूर्वीच पलवल येथे अडवून मुंबईला परत पाठवण्यात आले. नेत्यांच्या सुटकेची मागणी घेऊन निघालेल्या जमावावर अमृतसरच्या रेल्वेपुलापाशी गोळीबार झाला आणि त्यानंतर शहरात दंगल उसळली. बँका आणि सरकारी इमारती जाळण्यात आल्या, पाच युरोपीय व्यक्ती मारल्या गेल्या आणि एका मिशनरी शिक्षिकेवर हल्ला झाला. तिला स्थानिक रहिवाशांनीच आश्रय देऊन वाचवले. ११ एप्रिलला जालंधरहून ब्रिगेडियर जनरल रेजिनाल्ड डायर शहरात दाखल झाला आणि सूत्रे लष्कराकडे गेली.

१३ एप्रिल १९१९ : जालियनवाला बाग

१३ एप्रिल हा रविवार होता. सकाळी डायरने शहरात फिरून सभाबंदीची दवंडी पिटवली. मात्र ती शहराच्या सर्व भागांत पोहोचली नाही. वैशाखीच्या स्नानासाठी आणि गुरांच्या बाजारासाठी बाहेरगावाहून आलेल्या अनेकांना तिची कल्पनाही नव्हती.

जालियनवाला बाग त्या काळी नावापुरतीच बाग होती. सुमारे सहा ते सात एकरांची ही पडीक मोकळी जागा चोहोबाजूंनी घरांच्या मागील भिंतींनी वेढलेली होती. एका बाजूला एक समाधी आणि विहीर होती. जल्ला या गावाशी संबंधित घराण्याच्या मालकीची असल्याने तिला हे नाव पडले होते. आत येण्याचा मुख्य रस्ता म्हणजे एक अरुंद बोळ होता. दुपारनंतर तेथे अटकेच्या निषेधार्थ सभा सुरू झाली. उपस्थितांची संख्या दहा ते वीस हजारांच्या दरम्यान असल्याचा अंदाज आहे. त्यांत सभेसाठी आलेल्यांबरोबरच विसाव्यासाठी थांबलेले यात्रेकरू, दुकानदार आणि लहान मुलेही होती.

सायंकाळी पाचच्या सुमारास डायर ५० बंदूकधारी आणि खुकऱ्या घेतलेल्या ४० गुरखा सैनिकांसह बागेत शिरला. मशीनगन बसवलेल्या दोन चिलखती गाड्या त्याने सोबत आणल्या होत्या. बोळ अरुंद असल्याने त्या बाहेरच राहिल्या. सैनिक उंचवट्यावर दोन्ही बाजूंना उभे राहताच, कोणतीही पूर्वसूचना न देता, गोळीबाराचा आदेश देण्यात आला. तो सुमारे दहा मिनिटे चालला. जेथे गर्दी अधिक होती तेथे नेम धरण्यास सांगण्यात आले. अधिकृत नोंदीनुसार १,६५० गोळ्या झाडण्यात आल्या. लोक भिंतींवर चढू लागले, काहींनी विहिरीत उड्या घेतल्या. विहिरीतून १२० मृतदेह काढण्यात आल्याचे स्मारकातील फलकावर नमूद आहे.

गोळीबार थांबल्यावर सैन्य आले त्याच वाटेने परत गेले. जखमींसाठी कोणतीही व्यवस्था करण्यात आली नाही. रात्री आठनंतर शहरात संचारबंदी असल्याने नातेवाइकांना आपल्या माणसांचा शोध घेणेही कठीण झाले. अनेक जखमी रात्रभर पाण्यावाचून तेथेच पडून होते.

लष्करी कायदा आणि चौकशी

१५ एप्रिलपासून अमृतसर आणि लाहोर येथे आणि नंतर इतर जिल्ह्यांत लष्करी कायदा जारी झाला. १४ एप्रिलला गुजराँवाला येथे विमानातून बॉम्बवर्षाव करण्यात आला. ज्या गल्लीत मिशनरी शिक्षिकेवर हल्ला झाला होता, तेथून जाणाऱ्या हिंदी माणसाने सरपटतच गेले पाहिजे असा हुकूम डायरने काढला. सार्वजनिक ठिकाणी फटके मारणे, सामूहिक दंड आणि अटकसत्र यांनी पंजाब भयभीत झाला. बातम्यांवर निर्बंध असल्याने देशाच्या इतर भागांत सत्य पोहोचण्यास अनेक आठवडे लागले. वृत्त कळताच रवींद्रनाथ ठाकूर यांनी मे १९१९ च्या अखेरीस व्हाइसरॉयला पत्र लिहून 'सर' हा किताब परत केला. सर शंकरन नायर यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला.

सरकारने ऑक्टोबर १९१९ मध्ये लॉर्ड हंटर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. मात्र अधिकाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा त्यापूर्वीच, सप्टेंबरमध्ये, संमत झाला होता. समितीत सर चिमणलाल सेटलवाड, पंडित जगत नारायण आणि सुलतान अहमद खान हे तीन हिंदी सदस्य होते. लाहोर येथील साक्षीत डायरने आपला हेतू लपवला नाही. गोळीबार न करताही कदाचित जमाव पांगवता आला असता, परंतु संपूर्ण पंजाबवर जरब बसवावयाची होती, अशा आशयाची कबुली त्याने दिली. वाट रुंद असती तर मशीनगनचा वापर केला असता, असेही त्याने सेटलवाड यांच्या प्रश्नांना उत्तर देताना मान्य केले. समितीच्या बहुमताने आणि अल्पमतातील हिंदी सदस्यांनी स्वतंत्र अहवाल दिले. दोहोंत डायरवर ठपका होता. लष्करी कायद्याची मुळात गरज होती काय, या प्रश्नावर मात्र त्यांचे मतभेद झाले.

काँग्रेसने स्वतंत्र चौकशी समिती नेमली होती. महात्मा गांधी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी गावोगाव फिरून सुमारे १,७०० साक्षीदारांचे जबाब तपासले. या समितीचा अहवाल मार्च १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी, डिसेंबर १९१९ मध्ये, काँग्रेसचे अधिवेशन मोतीलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली अमृतसर येथेच भरवण्यात आले. इंग्लंडहून नुकतेच परतलेले लोकमान्य टिळक या अधिवेशनास उपस्थित होते.

डायरला सेवेतून दूर करण्यात आले, परंतु त्याच्यावर खटला चालला नाही. जुलै १९२० मध्ये ब्रिटनच्या कनिष्ठ सभागृहाने त्याच्या कृत्याचा निषेध केला, तर उमरावांच्या सभागृहाने १२९ विरुद्ध ८६ मतांनी त्याची बाजू घेतली. 'मॉर्निंग पोस्ट' या वृत्तपत्राने त्याच्यासाठी २६ हजार पौंडांहून अधिक निधी जमवला. या प्रतिक्रियेने हिंदुस्थानातील नेमस्त मतही सरकारपासून दुरावले. डायर १९२७ मध्ये मरण पावला.

नामसाधर्म्यामुळे डायर आणि ओडवायर यांच्यात पुष्कळदा गल्लत होते. १३ मार्च १९४० रोजी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधम सिंह यांनी ज्याच्यावर गोळ्या झाडल्या, तो तत्कालीन लेफ्टनंट गव्हर्नर ओडवायर होय. उधम सिंह यांना ३१ जुलै १९४० रोजी फाशी देण्यात आली. त्यांच्या अस्थी १९७४ मध्ये भारतात आणण्यात आल्या.

मृतांची संख्या

जालियनवाला बागेत नेमके किती लोक मारले गेले, यावर एकमत नाही. सरकारी आकडा ३७९ मृतांचा आहे. काँग्रेसच्या समितीने ही संख्या एक हजाराच्या आसपास असल्याचे म्हटले. या तफावतीची कारणे त्या दिवसाच्या परिस्थितीतच आहेत. गोळीबारानंतर मृतदेहांची मोजणी झाली नाही. आप्तांनी मिळतील ते मृतदेह उचलून रातोरात किंवा दुसऱ्या दिवशी अंत्यविधी उरकले. सरकारने मृतांची नावे कळवण्याचे आवाहन केले ते काही महिने उलटल्यावर. तोपर्यंत लष्करी कायद्याची दहशत लोकांच्या मनात घर करून होती. नाव कळवणे म्हणजे घरातील माणूस बेकायदा सभेत होता अशी कबुली देणे, या भीतीने अनेक कुटुंबे पुढे आली नाहीत. वैशाखीसाठी बाहेरगावाहून आलेल्यांची नोंद तर शहरात होणे शक्यच नव्हते.

राष्ट्रीय सप्ताह आणि स्मारक

१९२० पासून ६ ते १३ एप्रिल हा आठवडा काँग्रेसतर्फे 'राष्ट्रीय सप्ताह' म्हणून पाळला जाऊ लागला. उपवास, प्रार्थना, खादीविक्री आणि सभा असे कार्यक्रम महाराष्ट्रासह देशभर होत. १९३० मध्ये दांडी येथे मीठ उचलण्यासाठी गांधीजींनी ६ एप्रिल हा दिवस निवडला, तो याच सप्ताहाचा पहिला दिवस होता.

बागेची जमीन १९२० मध्ये लोकवर्गणीतून विकत घेण्यात आली. स्वातंत्र्यानंतर संसदेने १९५१ मध्ये जालियनवाला बाग राष्ट्रीय स्मारक कायदा संमत करून विश्वस्त मंडळ स्थापन केले. अमेरिकी वास्तुरचनाकार बेंजामिन पोल्क यांनी आराखडा केलेल्या ज्योतीच्या आकाराच्या स्मारकाचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते १३ एप्रिल १९६१ रोजी झाले. भिंतींवरील गोळ्यांच्या खुणा जतन करण्यात आल्या आहेत.

१३ एप्रिल १९७८ : अमृतसरचा संघर्ष

१९४७ च्या फाळणीने आणि १ नोव्हेंबर १९६६ च्या पुनर्रचनेने पंजाबच्या सीमा बदलल्या. लाहोर आणि गुजराँवाला पाकिस्तानात गेले. पुढे हरियाणा वेगळे राज्य झाले. वैशाखीच्या मेळाव्यांचे धार्मिक आणि राजकीय महत्त्व मात्र कायम राहिले.

१९७८ च्या वैशाखीला संत निरंकारी मिशनचा मेळावा अमृतसरमध्ये भरला होता. देहधारी गुरूंना मानणाऱ्या या संप्रदायाच्या शिकवणुकीला पारंपरिक शिखांच्या एका गटाचा तीव्र आक्षेप होता. एकोणिसाव्या शतकात बाबा दयाल यांनी सुरू केलेल्या जुन्या निरंकारी सुधारणा चळवळीपेक्षा हा संप्रदाय वेगळा आहे. अखंड कीर्तनी जथा आणि दमदमी टकसाळ यांच्याशी संबंधित आंदोलकांचा मोर्चा मेळाव्याच्या ठिकाणी पोहोचल्यावर संघर्ष झाला आणि त्यात १३ शीख आंदोलक ठार झाले. निरंकारी अनुयायांपैकीही काही जण मृत्युमुखी पडले.

या प्रकरणाचा खटला हरियाणातील कर्नाल येथे वर्ग करण्यात आला. निरंकारी प्रमुख बाबा गुरबचन सिंह यांच्यासह आरोपींची जानेवारी १९८० मध्ये निर्दोष मुक्तता झाली. २४ एप्रिल १९८० रोजी दिल्लीत गुरबचन सिंह यांची हत्या झाली. पंजाबने पुढील दशकात भोगलेल्या हिंसाचाराच्या कारणमीमांसेत अनेक अभ्यासक १३ एप्रिल १९७८ ची घटना हा एक प्रारंभबिंदू मानतात. त्या हिंसाचारात सर्व समाजांतील हजारो नागरिकांनी प्राण गमावले.

त्रिशताब्दी आणि नानकशाही पंचांग

खालसा पंथाच्या स्थापनेस ३०० वर्षे पूर्ण झाल्याचा सोहळा एप्रिल १९९९ मध्ये आनंदपूर साहिब येथे साजरा झाला. दीड दशकाच्या अशांततेतून सावरलेल्या राज्यात लाखो भाविक पुन्हा निर्भयपणे एकत्र आले. या निमित्ताने हाती घेण्यात आलेल्या, वास्तुरचनाकार मोशे सफ्दी यांच्या 'विरासत-ए-खालसा' या संग्रहालयाचा पहिला टप्पा नोव्हेंबर २०११ मध्ये खुला झाला.

२००३ मध्ये वैशाखीलाच, तलवंडी साबो येथील तख्त दमदमा साहिब येथून शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने नानकशाही पंचांग जारी केले. गुरू नानकांच्या जन्मवर्षापासून, म्हणजे १४६९ पासून, त्याचे वर्ष मोजले जाते. या पंचांगाने वैशाखीची तारीख १४ एप्रिल अशी निश्चित केली. २०१० मध्ये त्यात फेरबदल झाल्यानंतर शीख संस्थांमध्ये या विषयावर मतभेद राहिले.

शताब्दी आणि त्यानंतर

ब्रिटनच्या राणी एलिझाबेथ यांनी ऑक्टोबर १९९७ मध्ये आणि पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी फेब्रुवारी २०१३ मध्ये बागेला भेट देऊन आदरांजली वाहिली. शताब्दीच्या तोंडावर, १० एप्रिल २०१९ रोजी, पंतप्रधान थेरेसा मे यांनी ब्रिटिश संसदेत या घटनेबद्दल तीव्र खेद व्यक्त केला. मात्र औपचारिक माफी मागण्यात आली नाही. १३ एप्रिल २०१९ रोजी उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडू यांच्या उपस्थितीत अमृतसर येथे शताब्दीनिमित्त स्मृतिनाणे आणि टपाल तिकीट प्रकाशित झाले.

२०२० मध्ये कोरोना साथीच्या टाळेबंदीमुळे वैशाखीचे मोठे मेळावे झाले नाहीत. नूतनीकरणासाठी बागही त्या वेळी बंद होती. २८ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी नूतनीकृत स्मारक राष्ट्राला अर्पण केले. नवी दालने आणि ध्वनी-प्रकाश कार्यक्रम यांचे काहींनी स्वागत केले. परंतु ज्या अरुंद बोळातून सैनिक आत शिरले, तेथील भिंतींवर बसवलेल्या शिल्पाकृतींमुळे जागेचे मूळ स्वरूप झाकले गेले, अशी टीका अनेक इतिहासकारांनी आणि हुतात्म्यांच्या वंशजांनी केली. पुढील पिढ्यांसाठी स्थळ सुशोभित करावे की जसे होते तसे ठेवावे, हा प्रश्न त्यातून पुढे आला.

आज १३ एप्रिलला पंजाबच्या बाजार समित्यांत नव्या गव्हाची आवक सुरू झालेली असते. आनंदपूर साहिब आणि दमदमा साहिब येथे मेळे भरतात, सीमेपलीकडे हसन अब्दाल येथील पंजा साहिब गुरुद्वाऱ्यात भारतातून शीख यात्रेकरूंचे जथे जातात आणि जालियनवाला बागेत हुतात्म्यांना पुष्पचक्र अर्पण केले जाते.

घटनाक्रम एका दृष्टिक्षेपात

१६९९, वैशाखी : आनंदपूर येथे गुरू गोविंदसिंह यांच्याकडून खालसा पंथाची स्थापना.

१७४८, वैशाखी : अमृतसरच्या सरबत खालसात दल खालसाची उभारणी.

१८०१, वैशाखी (१२ एप्रिल) : लाहोर येथे रणजित सिंह यांचा महाराजा म्हणून राज्याभिषेक.

१३ एप्रिल १९१९ : जालियनवाला बाग हत्याकांड.

१३ एप्रिल १९६१ : जालियनवाला बाग राष्ट्रीय स्मारकाचे उद्घाटन.

१३ एप्रिल १९७८ : अमृतसर येथे शीख आंदोलक आणि निरंकारी यांच्यात संघर्ष.

एप्रिल १९९९ : खालसा स्थापनेचा त्रिशताब्दी सोहळा.

२००३, वैशाखी : नानकशाही पंचांगाची अंमलबजावणी.

१३ एप्रिल २०१९ : जालियनवाला बाग हत्याकांडास १०० वर्षे पूर्ण.